प्रियदर्शनीनं पास केलेली गाडी

ईश्वर शिवशरण यांनी सत्तावीस वर्षं लोकांच्या गाड्या धुतल्या. सोलापुरात हायवेच्या कडेला एका सर्व्हिस स्टेशनात ते वॉशिंगला होते. सकाळी रबरी बूट चढवायचे ते संध्याकाळीच उतरायचे, आणि उतरले की पाय पांढरेफटक पडलेले दिसायचे. पोरीनं या ओल्यात कधी पाऊल टाकू नये, एवढीच त्यांची इच्छा होती. पण प्रियदर्शनीनं दहावीनंतर आयटीआयला नाव घातलं ते मोटार मेकॅनिकला. वर्गात ती एकटीच मुलगी. आई शालन म्हणाली, ही टेबलापाशी बसावी म्हणून शिकवली, तर ही निघाली ग्रीसात. ईश्वरअप्पांनी मात्र तिला पाना-पक्कडीची एक पेटी आणून दिली.

नोकरी लागली ती अप्पांच्याच सर्व्हिस स्टेशनात. पण बाईमाणसाला गाडीखाली कशाला घालायचं म्हणून मॅनेजरनं तिला काउंटरवर बसवलं. सहा वर्षं ती गाड्यांच्या नोंदी लिहीत राहिली. कुठली गाडी किती किलोमीटरला आली, काय बदललं, पुढची सर्व्हिस कधी. ती कंटाळली नाही. नोंदी वाचता वाचता ती गाडीचा मालक कसा आहे हे ओळखायला शिकली, आणि दुपारच्या सुट्टीत मेकॅनिकांच्या शेजारी बसून उरलेलं शिकून घेतलं. पुढे तिला गाडीखालीही जायला मिळालं. दोन वर्षांपूर्वी नोकरी सोडून तिनं स्वतःचं काम काढलं. जुनी गाडी घ्यायची असेल तर ती आधी तपासून द्यायची.

अप्पा तोवर रिटायर झाले होते. ते तिच्या स्कूटीवर मागे बसून जायचे. सुरुवातीला लोक सगळे प्रश्न त्यांनाच विचारत. अप्पा हात जोडत आणि सांगत, "मेकॅनिक ती हाय. मी नुसता सोबत आलोय."

मे महिन्यात सांगोल्याकडच्या एका वाडीवरून केराबाई आणि त्यांचा मुलगा बिभीषण आले. मेंढरं राखणारं घर. वाडीपासून हायस्कूल आठ किलोमीटर, आणि शाळेच्या वेळेला एकही एसटी नाही. त्यामुळे वाडीतल्या पोरी सातवीनंतर घरी बसायच्या. यंदा केराबाईंची नातही सातवी झाली होती. म्हातारीनं ठरवलं, आपणच गाडी घ्यायची, शाळेच्या वाहतुकीचा रीतसर परवाना काढायचा आणि बिभीषणनं वाडीतल्या सात पोरी रोज नेऊन आणायच्या. सोलापुरात सात रस्ता चौकाजवळ जुन्या गाड्या विकणाऱ्या एका आवारात आठ सीटची एक पांढरी गाडी बिभीषणच्या मनात भरली होती. कुणीतरी सांगितलं, घ्याच, पण शिवशरणांच्या पोरीला दाखवून घ्या.

आवार तिप्पण्णांचं. अक्कलकोटकडचे गृहस्थ, बोलणं गोड. प्रियदर्शनीला बघून ते हसले आणि म्हणाले, गाडीचे कागद एकदम क्लिअर आहेत, इन्शुरन्स आहे, फिटनेस आहे, पीयूसी आहे, आता आणखी काय बघणार? ती म्हणाली, कागद मी कालच बघितलेत, आता गाडी बघते.

खरं तर कागदांतच तिला एक गोष्ट खटकली होती. गाडीच्या आधीच्या मालकाच्या संमतीनं तिनं सर्व्हिसच्या जुन्या नोंदी मागवल्या होत्या. पाच वर्षं दर सहा महिन्यांनी गाडी न चुकता सर्व्हिसला आलेली. शेवटची नोंद गेल्या ऑगस्टची. त्यानंतर काहीच नाही. ज्या माणसानं पाच वर्षांत एक तारीख चुकवली नाही, तो एकदम गाडीला विसरला कसा? येताना स्कूटीवर तिनं अप्पांना हे सांगितलं होतं.

गाडी चालू केली तर इंजिन सुरेख चालत होतं. रंगही कुठं मारलेला नव्हता. बिभीषण खूश झाला. प्रियदर्शनीनं गाडीखाली सतरंजी टाकून अर्धा तास घातला, मग आत आली. सीटकव्हर नवी कोरी. तिनं पुढच्या सीटचा पट्टा धरला आणि पार शेवटपर्यंत ओढून बाहेर काढला. कुणी बांधतानाही एवढा ओढत नाही, इतका. शेवटच्या वीतभर भागावर तपकिरी रेघ होती. दुसरा पट्टा ओढला, त्यालाही तीच रेघ, त्याच उंचीला.

मग सगळ्यांच्या देखत तिनं हाक मारली. "अप्पा, जरा इकडं या. धुताना पाणी कुठं पोचत नाही, ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे."

अप्पा क्षणभर जागीच थांबले. इतक्या वर्षांत त्यांच्या कामाविषयी असं कुणी विचारलं नव्हतं. त्यांनी पुढे होऊन मागच्या दिव्याचे दोन स्क्रू काढायला लावले, दिवा बाजूला घेतला आणि आतल्या खाचेत बोट घातलं. बोटाला मऊ, काळपट गाळ लागला. त्यांनी तो चिमटीत चोळला.

"ही रस्त्याची धूळ न्हाय," ते म्हणाले. "ही नदीची माती हाय."

बिभीषणला ते पटेना. म्हणाला, "इंजिन तर झकास चाललंय की."

"आज चालतंय, उद्याही चालेल," प्रियदर्शनी म्हणाली. "पण वायरिंगला आतून गंज धरलाय. ही कधी आणि कुठं बंद पडेल ते मला सांगता येत नाही. आणि जे मला सांगता येत नाही, त्यात पोरी बसवा असं मी म्हणणार नाही."

तिप्पण्णांचं हसू मावळलं होतं. त्यांनी आधीच्या मालकाला फोन लावला आणि सरळ विचारलं. मोहोळकडच्या त्या माणसानं थोडे आढेवेढे घेतले आणि मग कबूल केलं, गेल्या सप्टेंबरात सीना नदीला पूर आला तेव्हा गाडी दोन दिवस पाण्यात उभी होती. तिप्पण्णांनी फोन खिशात ठेवला. म्हणाले, मलाही फसवलं की हो. ते खरं बोलत होते की नाही हे अप्पांना कळलं नाही, पण माणूस खाली मान घालून उभा होता एवढं खरं.

केराबाई तोवर एका दगडावर बसून होत्या. त्यांनी विचारलं, मग आमी मोकळ्या हातानं जायचं का? प्रियदर्शनीनं आवारभर नजर फिरवली. कडेला एक करडी गाडी होती, तीही आठ सीटचीच. दार चेपलेलं, सीटा विटलेल्या, आणि किलोमीटर पांढरीच्या दुप्पट. प्रियदर्शनीनं त्या गाडीच्या नोंदी काढायला लावल्या. गाडी आधी भाड्यानं चालत होती, त्यामुळे ठरल्या मुदतीला तिची तपासणी झालेली होती आणि कधी खंड नव्हता. सर्व्हिसही वेळच्या वेळी. अडीच तास तिनं त्या गाडीची एकेक जागा बघितली. मग अप्पांना शेजारी बसवून विजापूर रोडनं लांबवर फिरवून आणली. पुढचे ब्रेक आणि दोन टायर बदलायला लागतील, बाकी गाडी कामाची आहे, असं तिनं कागदावर लिहून खाली सही केली. तिप्पण्णांनी हूं की चूं न करता दोन्ही कामं करून द्यायचं कबूल केलं.

केराबाई त्या चेपलेल्या दाराकडे बघत म्हणाल्या, "ही तर माज्यावानी म्हातारी हाय. तू बसवशील का हिच्यात तुज्या माणसाला?"

"आत्ताच बसवून आणलं की, मावशी," प्रियदर्शनी म्हणाली आणि तिनं अप्पांकडे बोट दाखवलं.

म्हातारी पहिल्यांदा हसली. गाडी ठरली.

जूनमध्ये परवाना झाला आणि शाळेच्या पहिल्या दिवसापासून सात पोरी त्या गाडीनं जायला लागल्या. ऑगस्टात केराबाईंनी फोन करून सांगितलं की गाडीपायी एकाही दिवसाची शाळा बुडली नाही, आणि आता शेजारच्या वस्तीवरच्या दोघी मागं लागल्यात. केराबाई नऊही जणी एकाच खेपेत बसवायला निघाल्या होत्या. प्रियदर्शनीनं त्यांना स्पष्ट सांगितलं, सीटा आहेत तेवढ्याच पोरी, बाकीच्यांसाठी दुसरी खेप.

पांढऱ्या गाडीच्या काचेवर तिप्पण्णांनी "पुरात भिजलेली" असं लिहिलं आणि ती सुट्या भागांसाठी विकून टाकली. त्यानंतर त्यांचा एक दिवस फोन आला. यापुढं गाडी आवारात घ्यायच्या आधी मॅडमनी बघून द्यावी, असं त्यांचं म्हणणं होतं. प्रियदर्शनीनं अट घातली, गाडीत जे काय सापडेल ते गिऱ्हाइकाला दिसेल असं लावायचं, चांगलं आणि वाईट दोन्ही. ते कबूल झाले.

परवा अप्पा पेन्शनच्या कामाला सात रस्त्याला गेले होते. येताना ते तिप्पण्णांच्या आवारापाशी थांबले. चार गाड्यांच्या काचांना आतून कागद चिकटवलेले होते. त्यांनी चष्मा लावून पहिला कागद सावकाश वाचला. डाव्या दारावर पुन्हा रंग, क्लच अर्धा झिजलेला, चेसिस सरळ. खाली मराठीत सही होती: प्रियदर्शनी ईश्वर शिवशरण. अप्पा पुढच्या गाडीपाशी गेले आणि तिथलाही कागद वाचला. मग तिसरा, मग चौथा. गाडी घ्यायला आलेल्या एका जोडप्यानं विचारलं, काका, ही गाडी कशी आहे हो?

"कागद वाचा," अप्पा म्हणाले. "माज्या पोरीनं लिहिलाय."