थोरल्यापासून झडती

बाईंनी माझा डबा जुन्या वर्तमानपत्रावर उपडा केला आणि चमच्याच्या दांड्याने भात ढवळला. भातात काही नव्हतं. सुकटीत काही नव्हतं. मग त्या म्हणाल्या, "आता ओढणी काढ."

मी काढली. का काढली, ते मला आजही सांगता येत नाही.

पालघरला सरांचा बंगला. सर निवृत्त प्राध्यापक, बाई त्यांच्या पत्नी. सर जुन्या करारातल्या हिब्रू शब्दांचा मराठी कोश करत होते आणि तो टाइप करायला मी सातपाटीहून रोज एसटीने यायचे. दोन वर्षं. डबा मात्र घरात न्यायचा नाही, मागच्या ओट्यावर ठेवायचा. सुकटीचा वास येतो म्हणून. ते मी पहिल्याच दिवशी मान्य केलं. वासाचं काय एवढं, असं मीच मला समजावलं. बोट दिलं की हात धरतात, हे कळायला दोन वर्षं गेली.

त्या सकाळी बाईंच्या कानातली मोत्याची कुडी सापडत नव्हती. घरात बाहेरची अशी मी एकटीच होते. त्यांनी माझी पर्स उलटी केली, मग डबा, मग ओढणी झटकली. मग माझ्या अंगावरून हात फिरवला. छातीवरून, कमरेवरून. सलवारीची नाडी चाचपली. सर शेजारच्या खोलीत टेबलाशी बसले होते. दार उघडं होतं. मी त्यांच्याकडे पाहत होते. ते कागदाकडे पाहत होते.

त्या कागदावर कुठला शब्द होता, ते मला ठाऊक होतं. आदल्या दिवशी मीच तो छापून ठेवला होता. खाफस. म्हणजे शोधणं, झडती घेणं, कोपरा न् कोपरा धुंडाळणं.

त्या एका शब्दावर आम्ही आठवडा घालवला होता. पहिलं अक्षर घशातून काढायचं, ते मला जमेना. घशात काटा अडकल्यावर करतेस तसं कर, असं सर म्हणायचे आणि आम्ही दोघं हसायचो. मग एकेक वापर. तंबूंची झडती. दिवे घेऊन अख्खं शहर पालथं घालणं. माणसाने स्वतःची वागणूक तपासून पाहणं, त्यालाही हाच शब्द. आणि योसेफाच्या भावांची गोष्ट. चांदीचा प्याला शोधायला कारभाऱ्याने त्यांची धान्याची पोती तपासली, थोरल्यापासून सुरुवात केली आणि धाकट्यापाशी संपवली.

ते टाइप करताना माझे हात थांबले. म्हटलं, सर, हे तर आमच्या बोटीवर असतं.

माझे बाबा तांडेल होते, म्हणजे बोटीचे प्रमुख. समुद्रावर कुणाची वस्तू हरवली तर पहिली पिशवी तांडेल उलटी करतो, स्वतःची. मग वयाने मोठा खलाशी, मग त्याहून लहान. एकदा कुणाचा तरी मोबाइल हरवला तेव्हा बाबांच्या पिशवीतून लुंगी, तंबाखू आणि आईची फुटकी फणी निघाली. पुढे महिनाभर सगळे त्यांना त्या फणीवरून चिडवत होते. मोबाइल बर्फाच्या पेटीमागे सापडला. कुणाची मान खाली गेली नाही. बाबा म्हणायचे, "आपली पिशवी झाकून दुसऱ्याची उघडली, तर ती झडती नाय, चोरी हाय."

सरांच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. खरंच आलं होतं. चष्मा पुसून त्यांनी ते वाक्य स्वतःच्या हाताने त्या शब्दाखाली लिहिलं. बाबांना जाऊन तेव्हा तीन वर्षं झाली होती. संध्याकाळी मी आईला सांगितलं, बाबा पुस्तकात जाणार. आईने मासळीची पाटी खाली ठेवली आणि ती रडली. मग शेजारणीला सांगायला गेली.

आणि आता तेच सर मान वर करत नव्हते. बाईंचं मला इतकं लागलं नाही. माझं काळीज फाटलं ते सरांमुळे. माझा खिसा आधी बघ, एवढं बोलले असते तरी पुरे होतं. शेकडो शब्द ज्यांनी शिकवले, त्यांच्यापाशी माझ्यासाठी एक नव्हता.

कुडी उशीच्या अभ्र्यात निघाली. अगंबाई, इथेच होती की, म्हणत बाई हसल्या. सांडलेलं मांजराला घाल, आज आमच्याकडे जेव, म्हणाल्या. सर बाहेर आले.

"झालं गेलं विसर. चल, आज तो शब्द संपवून टाकू."

मी खाली बसून भात गोळा करत होते. आईने पहाटे उठून केलेला भात. मी उठले.

"सर, आता तुमचा खण उघडा. मग बाईंचं कपाट. मी बघते."

"सापडली ना कुडी? आता काय शोधायचंय?"

"थोरल्यापासून सुरुवात करायची राहिली."

बाई म्हणाल्या, हिची जीभ बघा. मी आत गेले, टेबलावरचा कागद घेतला आणि बाबांचं वाक्य पेनाने खोडलं. कागद फाटेपर्यंत खोडलं. संगणकातूनही काढलं. तेव्हा सरांनी घाईने हात पुढे केला. म्हणाले, अगं, त्या पानाचा प्राण आहे ते वाक्य. वाक्यासाठी त्यांचा हात पुढे आला. माझ्यासाठी आला नव्हता.

"माझ्या बापाचं वाक्य या घरात राहणार नाय," मी म्हटलं.

आईला मी सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बरं केलंस," आणि पदराने तोंड झाकून घेतलं. ते पुस्तक निघालं की नाही, मला माहीत नाही. तो शब्द मात्र मला येतो, पहिलं अक्षर नीट घशातून येतं. तो मी सरांकडूनच शिकले, हे अजून दुखतं.

आता मी बोईसरला एका कंपनीत पॅकिंगला आहे. सुटताना गेटवर आम्हा बायांच्या पिशव्या उघडतात. साहेबांच्या गाड्या सरळ निघून जातात. आज मी पिशवी छातीशी धरून उभी राहिले. मागे रांग अडली. गेटवरची बाई म्हणाली, "खोलो, देर हो रही है." मी मागून येणाऱ्या साहेबांच्या गाडीकडे बोट केलं. आधी ती.

उद्या कदाचित कामावरून काढतील. काढू देत. मी पिशवी उघडीन. माझा नंबर आला की.