धुळ्याचा पेपर

नानांना कळलं होतं का?

याचं उत्तर माझ्याकडे नाही. आता मिळणारही नाही.

आज नानांचं तेरावं झालं. कॉलनीतल्या सगळ्यांनी स्टेटसला त्यांचा हसरा फोटो ठेवलाय. मी ठेवला नाही. तेवढा हक्क मला आहे की नाही, तेच ठरेना.

जे ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. नाना आमच्या समोरच्या घरात राहायचे. वीज खात्यातले रिटायर्ड लाइनमन. मूळ धुळ्याकडचे. जळगावात अर्धं आयुष्य काढलं, तरी बोलणं अहिराणीच.

कॉलनीचा ओपन स्पेस म्हणजे त्यांचा जीव. लेआउट मंजूर होताना सगळ्यांसाठी मोकळी सोडलेली जागा. तिथले अकरा कडुनिंब त्यांनी मे महिन्याच्या उन्हात सायकलला कॅन बांधून, पाणी नेऊन जगवले.

गेटवर त्यांनीच रंगवलेला बोर्ड आहे. ‘ओपन स्पेस. गट नंबर १४०.’

कारण जाहीर नोटिशीत कॉलनीचं नाव नसतं, नुसता गट नंबर असतो. लोक स्वतःच्या अंगणाची नोटीस बघतात आणि पान उलटतात.

नाना उलटत नसत. रोज तीन पेपर. आधी जाहीर नोटिसा, मग निधनवार्ता, मग चहा.

माझे पप्पा डाळ मिलमध्ये हमाल. आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. लॉचा फॉर्म भरायला सोबत नानाच आले होते. वकिलीची सनद मिळाली त्या दिवशी त्यांनी गल्लीभर पेढे वाटले.

“आते तू शे ना व वकील! मी नोटिसा वाचनं सोडी दिधं. डोया बी थकी ग्यात.”

खरंच सोडलं. तीन पेपरांचा एक केला. नोटिशीचं रोज संध्याकाळी मलाच विचारायचे.

मी ज्या वकीलसरांच्या ऑफिसात ज्युनिअर होते, तिथे लेआउट, एन.ए. म्हणजे बिनशेती परवानगी, आरक्षण हीच कामं. एक दिवस फाइल आली.

गट नंबर १४०.

जमिनीच्या मूळ मालकाच्या मुलांना लेआउट बदलून हवा होता. रस्त्यालगतच्या ओपन स्पेसवर दुकानं, आणि ओपन स्पेस मागे नाल्याच्या कडेला. त्याआधी हरकती मागवणारी जाहीर नोटीस द्यायची होती.

सरांनी मला बोलावलं. “तू तिकडेच राहतेस ना? मग सांग, तुमच्याकडे कुठला पेपर येत नाही?”

‘माहीत नाही सर,’ एवढं म्हणता आलं असतं.

मी म्हणाले, “धुळ्याहून निघतो तो.”

“शाब्बास! आता खरी वकील झालीस.”

मला त्या शाब्बासकीचा आनंद झाला होता. लिहिताना लाज वाटतेय, पण झाला होता.

नोटीस धुळ्याच्या त्या पेपरात छापून आली. हरकतीला पंधरा दिवसांची मुदत. दोन दिवस उरले असताना संध्याकाळी घरी येत होते. नाना ओपन स्पेसच्या बाकावर बसलेले.

“काय व वकीलीनबाई, काही नही ना?”

“काही नाही, नाना.”

मी आमच्या फाटकापर्यंत पोचले, तर मागून पुन्हा आवाज. “नक्की ना, पोरी?”

मी मागे न बघता नुसता हात हलवला.

एरवी नाना एकदाच विचारायचे. त्या दिवशी दोनदा का विचारलं? धुळ्याच्या कोणी फोन केला होता का?

मुदत संपली. ‘कोणाचीही हरकत प्राप्त झाली नाही.’ हे वाक्य मीच टाइप केलं.

त्याच आठवड्यात नाना गेले. सकाळी झाडांना पाणी घालून आले, खुर्चीत बसले, आणि संपलं. हार्ट, असं डॉक्टर म्हणाले.

अक्का, म्हणजे नानांच्या मिसेस, माझ्याच गळ्यात पडून रडल्या. “तुन्हावर भलता भरोसा व्हता व त्यास्ना.”

त्यानंतर मला त्यांच्या घरात नीट बसता आलेलं नाही.

प्रस्ताव अजून नगररचना विभागात आहे. मंजूर झालेला नाही. मुदत संपली असली, तरी मंजुरीआधी कॉलनीला अजूनही हरकत घेता येईल. पण मी समोरच्या पक्षकाराची वकील होते, त्यामुळे कॉलनीच्या बाजूने मला उभं राहता येणार नाही. तो नियम आहे आणि तो बरोबरच आहे.

ऑफिस मी सोमवारी सोडलं.

आज पंगत उठल्यावर मी धुळ्याच्या पेपरातलं ते कात्रण नानांच्या बोर्डावर चिकटवलं. बरोबर गट नंबरच्या खाली. त्याखाली मार्करने लिहिलं, ‘हा पेपर आपल्याकडे येत नाही, हे मीच सांगितलं होतं.’ आणि माझं पूर्ण नाव.

पक्षकाराची गोष्ट उघड केली म्हणून माझ्या सनदेवर तक्रार होऊ शकते. होऊ दे.

अक्का बाहेर आल्या. त्यांना वाचता येत नाही.

“काय शे व ते?”

नाना, शेवटचा नमस्कार. तुम्हाला मी ‘काही नाही’ म्हणाले होते.

अक्कांना सगळं वाचून दाखवलं. माझ्या नावासकट.