शेजारच्या सीटवरचा पाय

जुन्या जीपच्या पुढच्या चाकांचं सगळं काम मी केलं होतं. स्प्रिंगच्या पाट्यांना नवे रबरी बुश बसवले, ब्रेकचे लायनर बदलले, ब्रेकच्या नळीतली हवा काढली. हवेचा एक बुडबुडा राहिला तरी पेडल खाली बसतं आणि ब्रेक लागत नाही. म्हणून आमच्या गॅरेजची रीतच आहे, ज्यानं ब्रेक केले त्यानं गिऱ्हाइकाशेजारी बसून पहिला घाट उतरायचा. गाडी डॉक्टरीणबाईंची, वस्त्यांवर फिरायची.

उतार लागला आणि माझा उजवा पाय आपोआप खालचा पत्रा दाबू लागला.

"अरे, तिकडे ब्रेक नाहीये," बाई हसल्या. "की स्वतःच्या कामावर भरवसा नाही?"

"आहे ना, बाई," मी म्हणालो. पाय काही उचलेना.

काळजी करणारी माणसं अशीच शेजारच्या सीटवर असतात. सातवीत शाळा सोडून मी गोंदियाहून इतक्या लांब आलो, तेव्हा आईसुद्धा तिकडे असाच रिकामा पत्रा दाबत बसली असेल. आणि बाईंनी तर किती शिकलास, हेही न विचारता जीप माझ्या हाती दिली.

वळणावर एकदम म्हशी आल्या. बाईंनी ब्रेक दाबला. जीप कुठल्याच बाजूला न ओढता सरळ थांबली.

रस्त्यावरची माझी नजर तेव्हा कुठे हलली. बाईंची डावी मूठ, माझा ब्रेक लागला नाही तर म्हणून, हँडब्रेकवर घट्ट आवळलेली होती. भीती त्यांनाही होती, आणि तरी त्या निघाल्या होत्या.

म्हशी गेल्यावर त्यांनी मूठ सोडली, गिअर टाकला आणि दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरलं.