चारशे दहा ग्रॅमचा दोर

दोराचं वजन चारशे दहा ग्रॅम होतं. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मी ते दोनदा करून पाहिलं. मग भाऊ आंघोळीला गेला तेव्हा त्याची बॅग उघडली, तळाशी हात घालून दोराची थैली काढली, कपाटामागे टाकली आणि बॅग होती तशी बांधून ठेवली. त्याला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर त्यानं तोंड पाडलं असतं, आणि पडलेलं तोंड पाहिलं की माझं डोकं फिरतं.

तसं माझं डोकं कशानंही फिरतं. मी भंडाऱ्याला आयटीआयमध्ये फिटरच्या पोरांना शिकवतो. कानशीचा एक हात जास्त फिरला तरी माझा आवाज शेजारच्या वेल्डिंगच्या वर्गात जातो. पाच-सहा वर्षांपूर्वी मी हवा भरायचा, दोघांचा कयाक घेतला, म्हणजे वल्ह्यानं चालवायची निमुळती होडी. गुंडाळला की पाठीवर मावतो. नदीवर जायचं, रेतीवर मुक्काम करायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा वल्हं मारायचं, हे वेड तेव्हापासूनचं. आणि त्या वेडाच्या आत दुसरं वेड, वजन कमी करायचं.

टूथब्रशचा दांडा मी हॅक्सॉनं अर्धा कापला. कोल्ड्रिंकच्या डब्याचा स्पिरिटवर चालणारा स्टोव्ह बनवला, तो तळहातावर मावतो. झोपायची चटई खांद्यापासून कमरेपर्यंतच ठेवली, पायाखाली रिकामी बॅग. एका वस्तूची दोन कामं झालीच पाहिजेत, नाहीतर ती घरी, हा माझा कायदा. वल्हं म्हणजेच पालाचा खांब. लाइफ जॅकेट म्हणजेच उशी. दोघांचं तीन दिवसांचं सामान, कयाक सोडून, मी अकरा किलोत बसवलं होतं आणि त्या आकड्याचा मला भारी माज होता. दोरासकट तो साडेअकराकडे जात होता.

भाऊ माझ्याहून सहा वर्षांनी लहान. एकोडीला शाळेत शिकवतो, पोरांवर आवाज चढवत नाही. पाण्याला भितो. गावच्या बोडीत, म्हणजे लहानशा तळ्यात, त्याला पोहायला मीच शिकवलं. शिकवलं म्हणजे ढकलून दिलं, बाहेर आला की पुन्हा ढकललं. आमचा बाप आंबागडच्या जंगलात मजुरीला जायचा आणि संध्याकाळी घरी आला की हाताला सापडेल त्यानं आम्हाला मारायचा. भाऊ तेव्हा डोकं खांद्यात घालायचा आणि डावा हात तोंडासमोर धरायचा. बाप गेल्यावर ते काम मी घेतलं. असं लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं.

तो माझ्यासोबत नदीवर यायला तयार झाला तेव्हा त्यानं एकच गोष्ट मागितली.

"भाऊ, सारं तुह्या मनासारखं कर. दोर मात्र राहू दे. काही झालं त तू फेकशील, मी धरीन."

मी हो म्हटलं होतं.

एप्रिल महिना होता. करडीकडून आम्ही वैनगंगेवर उतरलो. भंडाऱ्याच्या पुलापर्यंत यायचा बेत होता. पहिला दिवस फार छान गेला, हे कबूल करतो. पाणी कमी, संथ, जागोजागी रेती उघडी. भाऊ पुढे, मी मागे. दुपारपर्यंत त्याचं वल्हं माझ्या वल्ह्याशी जुळलं आणि तो गुणगुणायला लागला. मला त्याचा अभिमान वाटला. बोललो नाही. बोलायची सवय नाही.

दुसऱ्या दिवशी पाचच्या सुमारास नदीच्या मधोमध रेतीचा एक लांबट टापू लागला. एका बाजूला उथळ पाणी, दुसऱ्या बाजूला काळा डोह. मी तिथं मुक्काम ठोकला. खुंट्या रेतीत टिकत नाहीत, म्हणून पिशव्यांमध्ये रेती भरून त्या पुरायच्या आणि त्यांना पाल बांधायचं, हे मी भावाला शिकवत होतो. कयाक रिकामा करून डोहाच्या कडेला उपडा ठेवला होता. भावानं लाइफ जॅकेट काढून पालाखाली उशाला मांडलं होतं, माझ्या कायद्याप्रमाणे.

तेवढ्यात एक म्हातारा ढिवर, मासे धरणारा, उथळ बाजूनं त्याचा लाकडी डोंगा घेऊन आला. आमच्याकडे पाहिलं, पश्चिमेकडे पाहिलं आणि डोंग्यात पाणी भरायला लागला. टोपल्यानं भराभरा. मग आत चार मोठे गोटे टाकले आणि कमरेएवढ्या पाण्यात आपला डोंगा बुडवून टाकला. जाळं तेवढं खांद्यावर घेतलं. ढिवर लोक वादळाआधी असंच करतात, पाण्याखालच्या डोंग्याला वारा हात लावू शकत नाही. मला हे तेव्हा माहीत नव्हतं. मला वाटलं, म्हाताऱ्याला वेड लागलं.

"भाऊ, गारा येऊन रायल्या," तो म्हणाला. "तुमचा डोंगा बुडवा."

मी हसलो. "मामा, हा बुडत नाही."

"बुडत नाही त्याले वारा नेते. मंग बांधा. बाभळीचा बुंधा गाडला हाय पाहा रेतीत, त्याले बांधा. दोर हाय ना?"

"हाय ना," भाऊ म्हणाला आणि बॅगेकडे धावला.

त्यानं बॅग उपसली. कपडे, भांडं, चिवडा, सगळं रेतीवर आलं. मग बॅग उलटी करून झटकली. मी पालाची गाठ मारत राहिलो. गाठ केव्हाच बसली होती.

"भाऊ, दोर कोठी हाय?"

"घरी."

"मी ठेवला होता."

"मी काढला. ओझं होतं."

"मले विचारलं काहून नाही?" त्याचा आवाज चिरकला. "एकच गोष्ट मांगितली होती तुले! एक!"

मी त्याच्या कानाखाली वाजवली. विचार वगैरे काही केला नाही, हात आपला गेला. तो नेहमीसारखा गप्प बसेल असं मला वाटलं होतं. पण त्यानं माझी कॉलर धरली. चौतीस वर्षांत पहिल्यांदा. आम्ही दोघं रेतीत पडलो. त्यानं माझ्या बरगडीत गुडघा घातला, मी त्याच्या तोंडावर बुक्का मारला. ओठ फुटला. दाताला रक्त लागलं ते पाहून मी थांबायला हवं होतं. मी आणखी एक मारला. त्यात मला बरं वाटलं, हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

म्हाताऱ्यानं डोंगा ढकलायच्या बांबूनं आमच्या पाठी फोडल्या. आधी माझी, मग त्याची. "लाज वाटते का? वरतं पाहा!"

वर पाहायला वेळच मिळाला नाही. वारा आला तो रेती घेऊनच आला. डोळे, तोंड, कान भरले. पाल फाटल्याचा आवाज आला आणि ते उडालंच, रेतीच्या पिशव्या, वल्हं सगळ्यासकट. पाठोपाठ गारा. आधी बोराएवढ्या, मग लिंबाएवढ्या. डोक्यावर, मानेवर, बोटांच्या पेरांवर आदळत होत्या. अर्धवट डोळ्यांनी मला दिसलं की कयाक एका टोकावर उभा राहिला. अकरा किलोचं सामान मिरवणारा मी, आणि माझा तो हलका कयाक वाऱ्यानं कागदासारखा उचलला.

मी ओरडलो, "धर त्याले!"

आणि भाऊ धावला. फुटक्या ओठानं, मी नुकताच मारलेला माझा भाऊ, मी म्हटलं म्हणून धावला.

त्यानं कयाकच्या टोकाचा पट्टा पकडला, मनगटाला एक वेढाही दिला. तेवढ्यात वाऱ्यानं कयाक डोहावर फेकला आणि त्याच्यासोबत भावालाही. कयाक पाण्यावर गोल फिरला. पट्ट्यात अडकलेला त्याचा उजवा हात पाठीमागे पिरगळला गेला. एवढ्या गारांच्या आवाजातही त्याची किंकाळी मला ऐकू आली. मग पट्टा तुटला, कयाक उडाला आणि भाऊ एका हातानं पाणी मारायला लागला.

तो माझ्यापासून बारा-पंधरा मीटरवर होता. कपाटामागचा दोर पंधरा मीटरचा होता.

मी डोहात उडी घेतली. तीही चूकच. वारा आणि लाटा तोंडावर येत होत्या, मी जागच्या जागी हात मारत होतो. त्याचं डोकं खाली गेलं, वर आलं, पुन्हा खाली गेलं. म्हातारा माझ्यामागे आला नाही. तो टापूच्या खालच्या टोकाकडे पळाला, जिथं डोहाची धार रेतीला घासून जाते. त्याला नदी पाठ होती. भाऊ कुठून जाणार हे त्याला भाऊ बुडण्याआधीच कळलं होतं. कमरेएवढ्या पाण्यात तो उभा राहिला, जाळ्याची दोरी मनगटाला बांधली आणि फेकजाळं फेकलं. वाऱ्यानं ते त्याच्याच अंगावर परत आणलं. जाळ्याच्या कडेच्या शिशाच्या गोळ्या त्याच्या तोंडावर बसल्या. शिव्या देत त्यानं ते सोडवलं, वाऱ्याला पाठ केली आणि दुसऱ्यांदा फेकलं.

ते जड, ओलं जाळं माझ्या भावावर पडलं.

तोवर मी रेतीवर परत आलो होतो. दोघांनी मिळून ओढलं. भाऊ आत धडपडत होता, घाबरून त्यानं म्हाताऱ्याचाच गळा धरला. म्हाताऱ्यानं त्याच्या कपाळावर जोरात ठोसा मारला, तेव्हा कुठे पकड सुटली. रेतीवर आणल्यावर जाळं सोडवायला मला धीर नव्हता, मी चाकूनं ते फाडलं. भाऊ हिरवट पाणी ओकला. उजवा खांदा भलत्याच ठिकाणी आला होता. मी त्याच्यावर ओणवा होऊन राहिलो, गारा माझ्या पाठीवर घेत. त्या वेळी मी रडत होतो आणि तोंडानं त्यालाच शिव्या देत होतो. दुसरं काही मला येत नव्हतं.

गारा थांबल्यावर म्हाताऱ्यानं पाण्यात उतरून गोटे काढले, डोंगा हलवून हलवून पाणी सांडलं, टोपल्यानं उरलेलं उपसलं. त्याचा डोंगा जसाच्या तसा होता. त्यात घालून त्यानं आम्हाला काठाला नेलं. फाटलेल्या जाळ्याबद्दल तो अवाक्षर बोलला नाही. उतरताना मला एवढंच म्हणाला, "नदीवर जड असते तेच कामी येते, भाऊ."

भंडाऱ्याला डॉक्टरांनी खांदा बसवला. मग ओठाला टाका घालताना विचारलं, "हे कशानं?"

भावानं माझ्याकडे पाहिलं नाही. "कयाक लागला," म्हणाला.

मी तिथंच उभा होतो.

कयाक चार दिवसांनी खालच्या काठाला बाभळीत अडकलेला, पंक्चर झालेला सापडला होता. यंदा दिवाळीनंतर भावाचा फोन आला. "भाऊ, कयाकचं पंक्चर काढलं का? जाऊ ना पुन्हा." माझा विश्वास बसेना. दुसऱ्याच रविवारी मी एकोडीला गेलो. वजनकाटा नेला नाही. नवा दोर नेला, जाड, वीस मीटरचा, पिशवीसकट किलोभर तरी असेल. तो मी आत्ताच दाखवतो, या वेळी बॅग तूच भर, मी हात लावणार नाही, असं सगळं बोलायचं ठरवून गेलो होतो. भाऊ ओसरीत खाली बसून बॅग भरत होता. मी त्याच्यासमोर उभा राहिलो आणि खांद्यावरचा दोर काढायला हात वर केला.

त्यानं डोकं खांद्यात घातलं. डावा हात तोंडासमोर धरला. उजवा त्याला अजून नीट उचलता येत नाही.

"दोर हाय रे," मी म्हटलं.

"माहीत हाय," तो म्हणाला आणि हसलासुद्धा. पण मी दोर जमिनीवर ठेवून दोन पावलं मागे सरेपर्यंत त्यानं तो हात खाली घेतला नाही.