नानांचा पॅच

दुपारचं जेवण झाल्यावर शर्वरी हुपरीकर दिवे चालवायच्या कन्सोलच्या टेबलाखाली सतरंजीवर आडवी होते, ती झोपायला म्हणून नाही, चिडायला म्हणून. सकाळपासून उभ्याने चिडून चिडून तिचे पाय भरून आले आहेत. जयसिंगपुरातल्या एका कॉलेजचं मैदान, मधोमध लाइटवाल्यांचा छोटा मांडव, समोर उन्हात तापलेलं स्टेज, आणि स्टेजवरच्या लोखंडी ट्रसला वटवाघळांसारखे उलटे टांगलेले, मान फिरवणारे दिवे. संध्याकाळी पुण्याच्या बँडचा कार्यक्रम आहे. डोक्यावर कन्सोलचा पंखा एकसुरात घरघरतोय. तिच्या पापण्या जड होतात, पण राग मोकळा होत नाही. तो पोटावर मांजरासारखा बसून राहतो.

सकाळच्या तालमीत झालं ते असं. गायिकेवर चार दिवे धरायचे होते. शर्वरीने त्यांच्या माना खाली वळवल्या, तर स्टेजच्या डाव्या टोकाच्या दुसऱ्याच चार दिव्यांनीही आज्ञाधारकपणे माना वळवल्या आणि पहिल्या रांगेतल्या सोफ्यावर सगळा उजेड ओतला. तो सोफा साखर कारखान्याच्या चेअरमनसाहेबांचा. साहेब अजून यायचे होते. सोफा त्यांच्या योग्यतेचा आहे का, हे बसून पाहायला त्यांचे पीए आले होते, ते आंधळे झाले. बँडचा मॅनेजर आवाज न चढवता म्हणाला की हे संध्याकाळपर्यंत सरळ झालं तर झालं, नाहीतर तो सांगलीच्या पार्टीला फोन करेल आणि पुढचा सगळा दौराही त्यांनाच देईल.

चूक कुठे आहे हे शर्वरीला ठाऊक आहे. चूक नानांच्या पॅचमध्ये आहे.

पॅच म्हणजे कोणत्या दिव्याला कोणता पत्ता, याची कन्सोलमधली मांडणी. कन्सोल पत्त्यावर हुकूम सोडतो, त्या पत्त्यावर राहणारा दिवा तो ऐकतो. एका पत्त्यावर दोन दिवे राहायला लागले की दोघंही ऐकतात. पोस्टमनला कळेल इतकं हे सोपं आहे. पण अनंत कुंभोजकर ऊर्फ नाना, ज्यांच्या हाताखाली ती हे काम शिकली आणि जे मागच्या दिवाळीनंतर वारले, त्यांनी निम्मं आयुष्य नाटकांच्या दौऱ्यांत काढलेलं. पत्ते वाटायचं त्यांचं शास्त्र जगात दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. पहिला दिवा डावीकडचा नाही, उजवीकडचाही नाही. जिथे नारळ फुटला तिथला पहिला. शिवाय प्रत्येक दिव्यानंतर थोडे पत्ते रिकामे सोडायचे. का, तर कुणी आलं-गेलं तर. पूर्वी दिवे कमी होते, खपून गेलं. आता दिवे वाढलेत, एका लाइनीतले पत्ते मोजकेच, म्हणून शेवटचे चार दिवे दुसऱ्यांच्या घरात पोटभाडेकरू म्हणून राहतात. दुसरी लाइन आहे. पण ती नानांनी अख्खीच्या अख्खी धुराच्या मशीनला देऊन ठेवली आहे. धूर पसरतो, त्याला जागा लागते, असं त्यांचं म्हणणं होतं.

हा पॅच पुसून नवा करायला एक दुपार पुष्कळ झाली. पण तो पुसता येत नाही, कारण शर्वरीने कावळ्याला शब्द दिलाय.

नानांच्या दहाव्याला नदीकाठी कावळा पिंडाला शिवेना. नानांचा पुतण्या रणजित, जो आता या लाइटच्या धंद्याचा मालक आहे, म्हणाला की धंदा बंद पडू देणार नाही. शकूकाकूंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, गुडघ्याचं ऑपरेशन करून घ्यायचं कबूल केलं. कावळा झाडावर बसून चोच पुसत राहिला. ऊन चढलं, भटजींना पुढचं काम होतं. शेवटी कुणीतरी शर्वरीला पुढे ढकललं, आणि उपाशीपोटी सुचेल ते बोलायचं म्हणून ती हात जोडून म्हणाली, "नाना, तुमचा पॅच कधी हलवणार नाही." कावळा थेट खाली आला आणि सगळा भात घेऊन गेला. काकू रडल्या. तेव्हापासून रणजित पॅचच्या आसपास कुणाला फिरकू देत नाही. आज सकाळी पीए डोळ्यांवर पाणी मारत असतानाही तो तिला बाजूला घेऊन सांगून गेला की साहेबांचा माणूस मोठा, मान्य आहे, पण कावळा त्याहून मोठा.

या सगळ्यावर शर्वरीचा डोळा लागतो.

लागतो न लागतो तोच तिच्या पायाशी कुणीतरी मांडी घालून बसतं. टेबलाखाली माणूस बसेल इतकी उंची नाही. तरी नाना ताठ बसलेत. पांढरा हाफ शर्ट, खिशाला टेस्टर. शर्वरी दचकत नाही. तिच्या आधीच्या रागाला फक्त तोंड मिळतं.

"तालीम सकाळी होती, नाना."

"व्हय, पण गाडीची सोय न्हवती."

ती म्हणते की आलाच आहात तर तुमचा गोंधळ जरा बघून घ्या. नाना आनंदाने हो म्हणतात. कुणी काही दाखवतो म्हटलं की ते आयुष्यभर असेच निघायचे. दोघं टेबलाच्या पलीकडच्या बाजूने बाहेर येतात, तर समोर मंगल कार्यालय. लांबच लांब पंगत बसली आहे. पाटांवर सगळे दिवे ओळीने बसलेत, काळे, चकचकीत, माना खाली घालून, पुढ्यात पत्रावळी. नाना धोतराचा काचा मारतात (मघाशी पँट होती), पितळी बादली उचलतात आणि पळीने एकेकाच्या पानात पत्ता वाढत निघतात. पत्ता गरम असतो, वाफ येते. दर दोन दिव्यांच्या मध्ये दोन-दोन पाट रिकामे.

पंगतीच्या टोकाला जागा संपते. शेवटचे चौघे दुसऱ्यांच्या मांडीवर बसलेत. खालच्याने मान वळवली की वरच्याची आपोआप वळते. खालचा जेवायला वाकला की वरचा आमटीत जातो. दोघांच्याही चेहऱ्यावर, म्हणजे काचेवर, सोशिक भाव.

शर्वरी म्हणते की सरकून बसवा यांना, एवढी रिकामी पानं कुणासाठी मांडलीत.

"माणसाला मांडी घालाय जागा नको व्हय?"

"दिव्यांना मांडी नसते, नाना."

"बसल्यावर येती," नाना म्हणतात आणि पुढच्याला आग्रह करतात.

ती चिडून बादलीची कड धरते. बादली हेलकावते, पाणी सांडतं, आणि ती पाय मागे घेते तो ओल्या दगडी पायरीवर पडतो. घाट आहे. पंगत तीच आहे, पण दिव्यांच्या जागी आता रणजित आहे, शकूकाकू आहेत, भटजी घड्याळ बघतायत. झाडावर कावळा. आणखी पलीकडे, त्याच घाटावर, दुसऱ्याच कुठल्यातरी घरचा दहावा चालू आहे. ते लोकही वर बघतायत. त्या दिवशी ते तिथे होते का, हे शर्वरीला आठवत नाही. त्या दिवशी ती फक्त भुकेली होती.

नाना तिच्याशेजारी पायरीवर टेकतात आणि स्वतःच्या दहाव्याकडे डोळे बारीक करून बघतात. त्यांना तो आवडत नाही. उजेड सगळा वरून आलाय, म्हणतात, सपाट. मागून काहीच नाही, भटजी पाठीमागच्या झाडात चिकटून गेलाय.

शर्वरी दोन्ही हात जोडते. रागाने जोडलेले हातही जोडलेलेच दिसतात. म्हणते, त्या दिवशी दिलेला शब्द परत घ्या. संध्याकाळी चेअरमन आंधळा झाला की दौरा जाईल, दौरा गेला की रणजित धंदा विकेल, आणि मग तुमचा पॅच घेऊन काय गणपतीच्या आराशीला लावायचा?

"कसला शब्द?"

"पॅच हलवणार नाही म्हणून. तुम्ही लगेच आलात की खाली."

"कोण, त्यो?" नाना झाडाकडे बोट करतात. "त्यो मी न्हवं. त्यो शिरोळचा डॉक्टर. जनावरांचा."

नाना धीराने समजावतात, नवीन मुलाला वायर गुंडाळायला शिकवावी तसं. एकाच घाटावर एकाच वेळी दोन दहावे होते. वर माणसं वाढलीत, जागा कमी, त्यामुळे दोघांना एकच पत्ता लागला. हुकूम नानांच्या नावाने सुटला, डॉक्टरने ऐकला. डॉक्टरला पॅच म्हणजे पंक्चरचा वाटला. बाई चांगलं बोलतीय, म्हणाला, आणि भात खाऊन मोकळा झाला.

"आणि तुम्ही?"

"मी पलीकडं, त्येच्या पिंडावर. त्येची पोरं बोअरच्या पाण्याच्या वाटणीचं बोलत हुती. मला त्यातलं काय कळतंय? पर भूक लागल्याली."

त्याच क्षणी झाडावरचा कावळा खाली येतो, शर्वरीसमोरून भात उचलतो आणि जाता जाता एखाद्या सभ्य डॉक्टरसारखी मान लववतो. काकू रडतात. शर्वरीलाही रडू येईलसं होतं, पण त्याआधी तिला इतक्या गोष्टी बोलायच्या असतात की त्या घशात एकमेकींच्या मांडीवर बसतात. इतके महिने ती नारळ कुठे फुटला ते विचारत गावोगाव फिरते आहे. प्रत्येक कार्यक्रमात पाहुण्यांच्या डोळ्यांची माफी मागते आहे. आणि सगळं एका गुरांच्या डॉक्टरपायी. हे एकदा येऊन सांगता आलं नाही का, असं ती विचारते.

"आलो की. दर खेपंला तू जागी. लाइटवाली पोर झोपती कधी?"

घाटावरचं ऊन कलतं. आता उजेड मागून आणि बाजूने येतोय, आणि माणसं एकेक करून झाडांपासून सुटी दिसायला लागतात. नाना पसंतीचा हुंकार देतात. शर्वरी विचारते, जरा खालच्या आवाजात, की मग त्या दिवशी तुम्हाला ऐकायचं तरी काय होतं.

नाना खिशातून तंबाखूची पुडी आणि चुन्याची डबी काढतात.

"ऐकायचं कायच न्हवतं. तुझा पॅच बघायचा हुता," ते म्हणतात. "मी शिकीवलं, आणि तू माझंच माझ्या पानात वाढतीस. रोज. शिळं."

शर्वरी तोंड फिरवते. पायऱ्या उतरून जावं म्हणून खाली पाय टाकते, तर पायऱ्या कन्सोलच्या बटणांच्या आहेत, काळ्या, चौकोनी, पाय ठेवला की थोड्या आत जाणाऱ्या. वर प्रत्येक पायरीला एकेक दिवा मान हलवतो. नाना तिच्यामागून उतरतात, उतरता उतरता तळहातावर तंबाखू मळतात, अंगठ्याने चुना लावतात. सगळ्यात खालच्या पायरीवर कन्सोलचा पडदा आहे आणि पडद्यावर प्रश्न: सगळं पुसायचं का.

"हितं काय दाबत्यात?" नानांनी हयातीत कधी हा पडदा वाचला नव्हता. ते हुकूम सोडायचे, दाबायची शर्वरी.

ती सांगते की एंटर दाबायचं, पण लगेच नाही, आधी एक कॉपी काढून ठेवायची, थांबा, मला पेनड्राइव्ह तरी...

"कॉपी कशाला? तुझ्या डोस्क्यात हाय की," म्हणत नाना अंगठा टेकवतात.

शर्वरी उठून बसते आणि तिचं कपाळ टेबलाच्या फळीला लागतं.

मांडवात कुणी नाही. ऊन स्टेजच्या मागे गेलंय. ती कपाळ चोळत उभी राहते आणि पडदा बघते. पॅचचं पान कोरं आहे. एकही दिवा नाही, एकही पत्ता नाही, धुराच्या मशीनचंही बिऱ्हाड उठलंय. एंटरच्या काळ्या बटणावर अंगठ्याएवढा चुन्याचा ठसा आहे, मधल्या रेषा सुट्या दिसाव्यात इतका ठळक, आणि अजून ओला.

रणजित दोन चहा घेऊन येतो. पडदा बघून त्याच्या तोंडचं पाणी पळतं. कुणी पुसलं, असं तो विचारतो, आणि हे विचारताना त्याच्या आवाजात शर्वरीला नोकरीवरून काढण्याची सगळी तयारी आहे. ती बटणाकडे बोट करते. रणजित वाकतो. नुसता बघतो, मग वास घेतो. या मांडवात तंबाखू खाणारं कुणी नाही; जो होता त्याचा चुना काकूंनी फोटोमागे डबीसकट ठेवलाय. तो तसाच वाकलेला राहतो, दोन्ही हातांत चहा निवत जातो.

"कॉपी ठेवलेली?" सरळ होत तो विचारतो.

"त्यांनी ठेवू दिली नाही."

मैदानाच्या फाटकातून चेअरमनसाहेबांच्या पीएंची गाडी आत येते. पीएंनी या खेपेला गॉगल घातला आहे. रणजित चहा खाली ठेवतो, स्टेजकडे तोंड करतो आणि पहिला दिवा कुठला धरायचा ते विचारतो. नारळ कुठे फुटला होता ते आपल्याला बघावं लागेल, असंही सवयीने म्हणतो.

"डावीकडचा पहिला," शर्वरी म्हणते. "तिथनं सरळ ओळीने. आणि चिकटून बसव."

"कुणी आलं-गेलं तर?"

"उभं राहील."

तो स्टेजवर चढतो आणि डावीकडच्या दिव्याखाली उभा राहून हात वर करतो. शर्वरी त्याला पहिला पत्ता देते. कन्सोल विचारतो, नक्की का. प्रत्येक दिव्याला विचारणार आहे. ती एंटर दाबते, पण बोटाने नाही. नखाच्या कडेने, बटणाच्या कोपऱ्यात, जिथे चुना लागलेला नाही तिथे.