काकूचं नाक

माझ्या डाव्या नडगीवर एक खळगा आहे. त्यात एक शेंगदाणा बरोब्बर बसतो. नातवंडांना मी तो बसवून दाखवते आणि मग उचलून खाते. सुना तोंड फिरवतात. हा खळगा मला फुकट मिळालेला नाही. त्यासाठी मी भरपूर मूर्खपणा केला आहे.

लहानपणी एकदा संक्रांतीची गड्ड्याची जत्रा तोंडावर आली होती आणि नडगीवर पुळी उठली. नव्या परकराखाली ती कुणाला दिसणार होती? पण एवढी अक्कल असती तर मी मी कशाला झाले असते! बाभळीचा काटा घेतला, परसात बसले आणि स्वतःच डॉक्टरीण झाले. पुळी फुटली तेव्हा मला फार अभिमान वाटला. जत्रेतल्या पाळण्यात बसून आले, आणि पुढच्या काही दिवसांत तापानं फणफणले. पाय असा ठणकू लागला की त्यावर पांघरूण सोसवेना. आईला वाटलं मुरगळला. तिनं गरम तेलानं चोळला. माझ्या ओरडण्यानं गल्ली गोळा झाली.

डॉक्टरांनी पाय बघून वडिलांना सांगितलं, "हाडात पू झालाय."

"जंतू आले कुठून पण?" वडिलांनी विचारलं.

"यायचेत कुठून? ते हिच्या कातडीवरच असतात. तुमच्याही, माझ्याही. नाकात राहतात, एरवी कुणाला काही करत नाहीत. काट्यानं वाट करून दिली, ते रक्तातून हाडात जाऊन बसले."

मला रागच आला. एवढं आजारी पडायचं, तर निदान परगावचं काहीतरी भारी हवं होतं.

गुंगी देऊन त्यांनी हाड खरवडलं, जखम उघडीच ठेवून वरून प्लास्टर चढवलं आणि बजावलं, "वास येईल, भयंकर येईल. तरी मी सांगेपर्यंत उघडायचं नाही. ताप चढला तर मात्र लगेच आणा. मग गुडघ्यावरून पाय काढावा लागेल."

वास आला. भावंडं आपापली अंथरुणं घेऊन दुसऱ्या खोलीत गेली. मैत्रिणी खिडकीतूनच "बरी हायेस का गं?" विचारून पळायच्या. आई यायची, पदर नाकाला लावायची आणि त्याच पदरानं डोळे पुसायची.

बसायला आली ती काकू. माझ्या धाकट्या चुलत्याची बायको, अक्कलकोटकडची, कानडी बोलत वाढलेली. तिचं मराठी मी तिच्यासमोरच वेडावून दाखवायचे आणि घरादाराला हसवायचे. तीच आता सुपात भुईमुगाच्या शेंगा घेऊन माझ्या खाटेला टेकून बसायची आणि सोलत राहायची.

"काकू, तुला वास येत न्हाय?"

"न्हाय की. ल्हानपणी पडसं झालं, तवापासून नाक मेलं. आता नुसतं नथीपुरतं हाय."

मला पटलं नाही. एकदा तिच्याकडूनच हिंगाची डबी मागून घेतली, कानात सांगायचंय म्हणून तिला वाकवलं आणि डबी थेट नाकाखाली धरली. ती हलली नाही. डोळ्यांत पाणी आलं, ते तिनं चुलीच्या धुरावर ढकललं.

"सुम्म कूड," ती म्हणाली. गप बस, हे ती कानडीतूनच सांगायची. "आन् डबी दे, वरणाला लागंल."

मी हरले. खरंच मेलंय बिचारीचं नाक, असं सगळ्यांना सांगितलं.

मग शेजारपाजारचे म्हणू लागले, आत पाय कुजला असणार. वडिलांचा धीर सुटला. त्यांनी हाडं बसवणाऱ्या माणसाला बोलावलं. प्लास्टर फोडून बघायचं ठरलं. काकू थोरल्या दिरांसमोर कधी बोलत नसे. त्या दिवशी दाराआडून आवाज आला, तो आईला उद्देशून.

"अक्का, त्यास्नी सांगा, डाक्तर म्हणलाय वास येनारच. ताप आला तर आना म्हणलाय. पोरीचं अंग गार हाय. सकाळ-संध्याकाळ हात लावून बगती मी."

वडीलही आईलाच म्हणाले, "तिला सांग, वास सहन होत नाही."

"त्यास्नी सांगा, भाईर जाऊन बसा."

आईनं यातलं काहीच कुणाला सांगितलं नाही. वडिलांनी वहाणा घातल्या आणि खरंच बाहेर कट्ट्यावर जाऊन बसले. हाडं बसवणारा चहा पिऊन परत गेला.

प्लास्टर काढायला डॉक्टर घरी आले. आई चटणीसाठी भाजत टाकलेले दाणे तसेच सोडून धावत आली. काकूनं माझं डोकं मांडीवर घेतलं. प्लास्टर उघडलं तशी खोलीतली माणसं मागे सरली. पाय काठीसारखा वाळला होता, पण जखमेत तांबडं, नवं मांस भरत आलं होतं. डॉक्टर म्हणाले, "राहिला पाय."

कुणी काही बोलायच्या आत काकू म्हणाली, "अक्का, दाणे करपले."

आई पळाली. स्वयंपाकघर अंगणापलीकडे होतं. मी मान वर करून काकूकडे बघितलं.

"काकू, तुला वास आला?"

तिनं माझे केस मागे सारले. "तुजा पाय बरा झाला, मंग माजं नाक बी बरं झालं की."

त्या दिवशीची चटणी कडू होती. मी दोनदा मागून घेतली. काकूचं मराठी त्यानंतर मी कधी वेडावलं नाही. बरं, एकदा वेडावलं, अंगणात तिच्या पुढ्यात दोन्ही पायांवर उभी राहून. ती माझ्या पायांकडे बघत खूप वेळ हसत होती.