जिथे मशीन थांबायची

"थांब. आता येते."

असं म्हणून मावशी पायडलवरून पाय उचलायच्या आणि शिलाई मशीनचं चाक तळहातानं धरायच्या. सुई ब्लाऊजच्या बाहीत तशीच रुतलेली. टेपमधून बासरी एक वळण घ्यायची. वळण संपलं की चाक सुटायचं आणि मशीन पुन्हा धावायची.

काय आलं, हे मावशींनी कधी सांगितलं नाही.

मी तळेगावची. वडील भाजी पिकवतात, आई ती बाजारात विकते. घरात कॉलेजला जाणारी मीच पहिली. नर्सिंगला सावंगीत प्रवेश मिळाला, पण खोली स्वस्त म्हणून नालवाडीत घेतली. पलीकडच्या खोलीत मावशी राहायच्या. मधल्या भिंतीतून मशीन आणि गाणं दोन्ही यायचं, आणि पहिले काही दिवस मला दोन्हींचा त्रास व्हायचा.

मावशींकडे कॅसेटींची एक पत्र्याची पेटी होती. प्रत्येक कॅसेटला उरलेल्या कापडाची पिशवी शिवलेली. कव्हरं केव्हाच हरवलेली, त्यामुळे कोणती कॅसेट कोणती, हे कापडावरूनच ओळखायचं. ब्लाऊज न्यायला आलेली बाई थोडा वेळ टेकली की मावशी तिच्या चेहऱ्याकडे बघत म्हणायच्या, "तू जांभळी ने." एखादीकडे टेप नसला तर, "मंग टेपबी ने. पण पूर्ण आयकजो. मधातलं एक गाणं आयकून परत नोको आणू."

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील, आपल्याला आवडलेलं दुसऱ्याच्या हातात दिल्याशिवाय ज्यांना चैन पडत नाही. मावशींचं वेगळं एवढंच, की कॅसेट परत घेताना त्या हात पुढे करून विचारायच्या, "कुठी थांबली?"

म्हणजे असं, की ऐकता ऐकता कोणत्या जागी हातातलं काम थांबलं.

आमचे घरमालक एकदा सनईची कॅसेट घेऊन गेले. परत देताना ओशाळून म्हणाले, "बाई, मले त् झोपच लागली."

"मंग कामी आली ना," मावशी म्हणाल्या आणि पिशवीची नाडी ओढली.

मला त्यांनी पहिल्यांदा फिरोजी पिशवी दिली. आत एका बाईंच्या आवाजातली भीमगीतं होती, मागे फक्त ढोलक. मी ती अभ्यास करता करता ऐकली. परत देताना म्हणाले, "सगळंच छान आहे."

"सगळंच छान म्हंजे आयकलंच नाई तू," मावशी म्हणाल्या. रागावल्या नाहीत. पिशवी पुन्हा माझ्याच हातात ठेवली.

कॉलेजातही माझं असंच चाललं होतं. उत्तर येत असलं तरी हात वर व्हायचा नाही. आधी दुसरी काय सांगते ते ऐकायचं, मग तेच मनात म्हणायचं. मावशींच्या बाबतीतही मी तेच करू लागले. भिंतीला कान लावून त्यांची मशीन कुठे थांबते ते बघायचं आणि कॅसेट देताना तीच जागा सांगायची. काही दिवस जमलं. मग एकदा त्या दोरा ओवता ओवता म्हणाल्या, "थे माही जागा हाय वं. तुही कुठी हाय?"

मी पिशवीची नाडी उगाच सोडून पुन्हा बांधली.

त्या उन्हाळ्यात वर्गातल्या एका मैत्रिणीनं तिच्याकडचा एक अल्बम माझ्या फोनवर पाठवला. ती दूरच्या डोंगराळ मुलखातली. तिच्या भाषेतलं मला अक्षरही कळत नव्हतं. एक बाई गाते, सोबत एकच गिटार. पण तिसऱ्या गाण्यात त्या बाईंचा आवाज किंचित फाटतो, आणि तिथे मी पोळी लाटता लाटता थांबले. पोळी पोळपाटाला चिकटली. कोणी न सांगता मी थांबले होते.

मावशींना अल्बम द्यावा असं वाटलं, आणि भीतीही वाटली. त्यांना सगळे घ्यायलाच येत. त्यांना कोणी काही दिल्याचं मी पाहिलं नव्हतं. नाही आवडला तर माझी ती जागाही खोटी ठरेल, असं मनात आलं. मावशींच्या मुलीनं त्यांना नवा स्पीकर आणून दिला होता. त्याला लावायला मी अल्बम पेन ड्राइव्हवर घेऊन गेले.

"कोणती भाषा हाय?"

"नाव माहीत आहे, मावशी. कळत मात्र काहीच नाही."

"बासरीची तरी कोणती भाषा असते," त्या म्हणाल्या. "ठेव."

रविवारची दुपार होती. कूलरचं पाणी टपटपत होतं, खिडकीतलं ऊन पिवळं होऊन जमिनीवर पसरलं होतं. मी भिंतीला टेकून बसले. पलीकडे पहिलं गाणं लागलं. मशीन चालू. दुसरं. मशीन चालूच. तिसरं आलं, आवाज फाटायची जागा आली.

मशीन थांबली नाही.

सगळ्या वर्गासमोर चुकीचं उत्तर दिल्यासारखे माझे कान तापले. उठून जावंसं वाटलं, पण उठले नाही.

पाचवं गाणं संपत आलं. गिटारचा शेवटचा सूर विरत गेला, आणि एकदम मशीन थांबली. बराच वेळ थांबली. तिथे तर गाणंही नव्हतं.

संध्याकाळी मीच विचारलं, "कुठे थांबलात?"

"पाखरू बोलते ना तिथी. गानारीनं खिडकी लावली नसन." त्यांनी पुन्हा लावून ऐकवलं. सूर विरल्यावर अगदी मागे, दूर, एक पक्षी दोनदा बोलतो. मी इतक्या वेळा ऐकूनही तो कधी ऐकला नव्हता. "आपल्या इकडचं नोय हे पाखरू," मावशी म्हणाल्या. "अन् तू कुठी थांबलती?"

मी सांगितलं. तिसरं गाणं, आवाज फाटतो ती जागा.

"हो, थे आयकलं मी," त्या म्हणाल्या. "तिथी मले पाय थांबवावासा नाई वाटला. तुले वाटला ना? मंग थे तुही."

पुढच्या आठवड्यात पेन ड्राइव्ह माझ्या हळदी रंगाच्या ब्लाऊजच्या उरलेल्या कापडात गेला. पिशवी बोटाएवढी, नाडीसकट.

दिवाळीनंतर मुलगी त्यांना पुण्याला घेऊन गेली. टेम्पोत मशीन चढली, पेटी चढली. हळदी पिशवी मावशींनी कमरेला खोचली होती. "हे माह्यापाशीच राहू दे," म्हणाल्या. "जयभीम. येजो पुण्याले."

आता पलीकडे एक जोडपं राहतं. मिक्सरचा आवाज येतो, टीव्हीचा येतो. परवा वर्गात मी हात वर केला. उत्तर अर्धंच बरोबर होतं.

रविवारी दुपारी मी तो अल्बम लावते. तिसऱ्या गाण्यात माझा हात थांबतो. मग पाचवं संपत येतं, सूर विरतो, पाखरू बोलतं, आणि भिंतीपलीकडे नसलेली मशीन त्या जागी थांबते.